निरशा दुधाची वकिली

दूध तापवू नका, असे सांगणारा एक सुशिक्षित वर्ग गेल्या काही वर्षांत आपल्याकडे तयार झाला आहे. पुण्या-मुंबईत काचेच्या बाटल्यांतून देशी गाईचे निरसे दूध पिशवीच्या दुधाहून कितीतरी चढ्या भावाने दारात येते, आणि काही घरांतून ते कच्चेच प्यायले जाते. हा वर्ग अडाणी नाही. मुलांच्या खाण्यापिण्याकडे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो, बाजाराने त्याला अनेकदा फसवले आहे, आणि दुधावर त्याचा मनापासून जीव आहे. म्हणूनच त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे. खरवस, सायीचे दही, आटीव बासुंदी यांवाचून ज्याचे काही अडत नाही, त्याच्याशी दुधाविषयी भांडून काय मिळणार?

आधी पूर्वपक्ष, त्याचे वजन कमी न करता.

ते म्हणतात: दूध निसर्गाने वासराच्या तोंडात थेट जावे म्हणून केले, मध्ये चूल ठेवलेली नाही. निरोगी, मोकळ्यावर चरणाऱ्या देशी गाईच्या दुधात रोग येईल कुठून? रोग आला तो शहरांतल्या कोंदट तबेल्यांतून, आणि पाश्चरीकरण हा त्या घाणीवर टाकलेला पडदा. उष्णतेने जीवनसत्त्वे जातात, विकरे मरतात, उपकारक जंतूही मरतात, मागे उरते ते निर्जीव पांढरे पाणी. आयुर्वेदाने धारोष्ण दुधाचे गुण गायले आहेत. शेतावर वाढणाऱ्या आणि कच्चे दूध पिणाऱ्या मुलांना दमा कमी होतो, असे युरोपातले संशोधकच सांगतात. पाश्चरीकृत दुधानेही हजारो माणसे आजारी पडली आहेत. आणि आमची आजी गोठ्यात उभी राहून पेलाभर धारोष्ण दूध पीत असे, तिला नव्वदीपर्यंत काही झाले नाही.

या मांडणीत खऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमध्ये दारूच्या भट्ट्यांच्या चोथ्यावर पोसलेल्या आजारी गाईंचे दूध विकले जाई, हे खरे. शहरी दुधाच्या घाणीमुळेच पाश्चरीकरणाचा आग्रह वाढला, हेही खरे. पण घाण काढली म्हणजे उष्णतेची गरज संपते, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. सारी इमारत एका खांबावर उभी आहे: निरोगी दिसणारे जनावर म्हणजे निर्धोक दूध. तो खांब आधी तपासू.

त्यासाठी माल्टाला जावे लागेल. भूमध्य समुद्रातले हे बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते, आणि तिथल्या फौजेला एका चिवट तापाने जेरीस आणले होते. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. घाम, सांधेदुखी, कंबरदुखी, महिनोन्‌महिने अंथरूण. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने या रोगाचा जंतू शोधून काढला, पण तो माणसात शिरतो कुठून हे कळायला आणखी अठरा वर्षे लागली. हवा, पाणी, डास, गटारे, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेळ्यांवर कोणी घेतला नाही, कारण शेळ्या ठणठणीत होत्या. माल्टाच्या गल्ल्यांतून शेळ्यांचे कळप दारोदार फिरत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर, त्याच्या उंबऱ्याशी धार काढून दिली जाई. पाणी नाही, भेसळ नाही, दलाल नाही, थंड करणे नाही. आजच्या निरशा दुधाच्या जाहिरातीत जे जे असते ते सारे तिथे होते, आणि त्यात मोकळ्यावर चरणेही होते.

१९०५ साली थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टी डॉक्टरने त्या शेळ्यांचे रक्त तपासले. जवळजवळ निम्म्या शेळ्यांत संसर्गाची खूण सापडली, आणि दहांतली एक दुधावाटे जिवंत जंतू बाहेर टाकत होती. दिसायला एकही आजारी नव्हती. पुढच्या वर्षी फौजेच्या आहारातून शेळीचे दूध काढून टाकले गेले. वर्षाला शेकड्यांनी भरणारे सैनिक रुग्ण १९०७ पर्यंत बोटांवर मोजण्याइतके उरले. नागरिकांनी मात्र दूध सोडले नाही, आणि त्यांच्यात तो ताप चालूच राहिला. १९३८ मध्ये तिथे पाश्चरीकरण सुरू झाल्यावर कुठे तो मागे हटू लागला. बेट तेच, शेळ्या त्याच, ऋतू तेच. फरक पडला तो एवढाच की एका गटाने कच्चे दूध सोडले आणि दुसऱ्याने सोडले नाही. याहून स्वच्छ पुरावा आणखी कोणता हवा?

त्याच १९०५ साली या गुणी शेळ्यांचा एक कळप जहाजाने अमेरिकेला निघाला होता. वाटेत खलाशांनी ताज्या दुधावर मनसोक्त ताव मारला आणि त्यांतले बरेच जण त्याच तापाने आडवे झाले. शेळ्या धडधाकट उतरल्या.

हा रोग म्हणजे ब्रुसेलोसिस, आणि तो इतिहासजमा झालेला नाही. आपल्या गावांत गाय किंवा म्हैस सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडते, वार लवकर पडत नाही, आणि घरमालक नशिबाला बोल लावून पुढच्या वेताची वाट पाहतो. त्या गाभडण्यामागे अनेकदा हाच जंतू असतो. पुढे तीच गाय नीट विते, भरपूर दूध देते, कातडी चकचकीत दिसते, आणि जंतू दुधावाटे बाहेर पडत राहतात. माणसाला लागण झाली की मुदतीचा ताप म्हणून, मलेरिया म्हणून, कधी क्षय म्हणून उपचार चालतात. ब्रुसेल्लाची तपासणी करावी हे सुचेपर्यंत महिने गेलेले असतात. २०१९ च्या सप्टेंबरात मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ-खुरकुताच्या जोडीला त्यात दुसरा रोग घेतला तो हाच, आणि चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना त्याची लस टोचली जाते. देशी गोठ्यांत रोग नसता तर देशभर लस टोचण्याचा हा खटाटोप कशासाठी?

इथे कोणी म्हणेल की आमची गाय ए-टू दुधाची आहे. असेल. पण ए-वन आणि ए-टू हा भेद बीटा-केसिन नावाच्या प्रथिनातल्या सदुसष्टाव्या स्थानावर कोणते अमिनो आम्ल आहे एवढ्यापुरता आहे. जंतू ते प्रमाणपत्र वाचून परत जात नाहीत. माल्टाच्या शेळ्याही काही कारखान्यात पैदा झालेल्या नव्हत्या.

आता आपल्याच गोठ्यात शिरू. पहाटेची वेळ, अंधुक दिवा. वासरू सोडले, त्याने चार ढुशा दिल्या, गाय पान्हावली, वासरू ओढून खुंटीला बांधले. कासेवर पाण्याचा हबका मारला आणि ते पाणी निथळण्याआधीच धार सुरू झाली. कासेवरून ओघळलेले थेंब सडांवरून थेट चरवीत. सड कोरडे वाटले की पुष्कळ जण दोन बोटे चरवीतल्या दुधात बुडवून ओली करतात. गाय शेपूट मारते, शेपटीला शेण असते. मग दूध फडक्यातून गाळतात. ते फडके काल सायंकाळी नुसते खंगाळून खुंटीला अडकवलेले. यात कोणाचा दुष्टावा नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. आणि हे सगळे काटेकोर सुधारले, सड धुऊन पुसले, पहिल्या दोन धारा वेगळ्या कपात काढून गुठळ्या पाहिल्या, तरी कासेच्या आतले काय? कास सुजून दगडासारखी झाली की कोणालाही दिसते. आपल्याकडे तिला ‘दगडी’ म्हणतात. पण कासदाहाचा मोठा भाग छुपा असतो. कास मऊ, दूध पांढरेशुभ्र, चवीत फरक नाही, आणि आत स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू ठाण मांडून. धुण्यापुसण्याने तो जात नाही, कारण तो बाहेर नव्हे, कासेच्या आत असतो.

पुढचा हिशेब तर शाळकरी मुलालाही यावा. मिलिलिटरमागे एक हजार जंतू, म्हणजे बऱ्यापैकी स्वच्छ दूध, धरू. आपल्या उन्हाळ्यात जंतू अर्ध्या तासाला दुप्पट झाले तर पाच तासांत दहा दुपटी होतात. हजाराचे दहा लाख. सकाळी सहाची धार आणि अकराला मुलाच्या हातातला पेला, यांच्यात एवढेच अंतर आहे.

क्षयाच्या बाबतीत तर हा वाद फार मोठ्या माणसाने एकदा लढवून पाहिला आणि तो हरला. १८८२ साली क्षयाचा जंतू जगाला दाखवणारा रॉबर्ट कॉख १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत म्हणाला की गाईचा क्षय माणसाला जवळजवळ होतच नाही, दुधाबाबत खास उपाय नकोत. शब्द कॉखचा! तरीही ब्रिटनने त्यावर विसंबून न राहता एक रॉयल कमिशन नेमले. दहा वर्षांच्या प्रयोगांनंतर, १९११ मध्ये, कमिशनने निर्वाळा दिला की गाईचा क्षय दुधातून माणसाला होतो, आणि विशेषतः मुलांना. गळ्याच्या गाठी आणि पोटाचा क्षय या रूपाने. ज्याला आपले जुने लोक गंडमाळा म्हणत, तीच व्याधी. १९३४ च्या सरकारी समितीने ब्रिटनमधल्या सुमारे चाळीस टक्के दुभत्या गाई बाधित असल्याचा आणि या कारणाने वर्षाला दोन हजारांवर माणसे, बहुतेक मुलेच, दगावत असल्याचा अंदाज दिला. हिरव्यागार कुरणांवर चरणाऱ्या त्या गाई होत्या. आपल्याकडे गोजातीय क्षयाने एवढा हाहाकार केल्याचे दिसत नाही, आणि त्याचे एक कारण आपले चुलीवरचे दुधाचे पातेले मानले जाते.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे बाळ जन्मल्यावर त्याच्या डाव्या दंडावर जी बी.सी.जी. टोचतात, तिचा मूळ जंतू फ्रान्समध्ये नोकार या पशुवैद्याने क्षयी कास असलेल्या एका गाईच्या दुधातून मिळवलेला होता. काल्मेत आणि गेराँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे वाढवत वाढवत त्याला निरुपद्रवी केले. गाईच्या दुधात क्षयाचे जंतू येत नसते, तर ही लस आली असती कुठून?

आता आयुर्वेद. प्रतिपक्ष इथे फार आत्मविश्वासाने बोलतो, म्हणून मूळ ग्रंथच उघडू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पंचेचाळिसावा अध्याय द्रवद्रव्यांचा आहे, त्यात दुधाचा विचार येतो. धारोष्ण दूध गुणकारी, असे तिथे म्हटले आहे, हे मान्य. पण त्याच ठिकाणी, त्याच्या अगदी शेजारी, असेही सांगितले आहे की न तापवलेले दूध बहुधा जड आणि अभिष्यंदी, म्हणजे शरीरातले मार्ग चोंदवणारे, असते, आणि तापवले की तेच हलके होते व अभिष्यंदी राहत नाही. कच्चेच हितकर असे दूध सुश्रुत एकच सांगतो: आईचे. शिवाय धारोष्णाची ती स्तुतीही सशर्त आहे. धारेची ऊब गेली की गुण गेला, उलट झाला. मग फार्मवर पहाटे चारला काढलेले, थंड करून बाटलीत भरलेले, टेम्पोतून साठ किलोमीटर आलेले आणि संध्याकाळी फ्रिजमधून काढून प्यायलेले दूध सुश्रुताच्या कोणत्या कलमात बसते? धारोष्णात तर नाहीच. ज्या कच्च्या दुधापासून तो सावध करतो, नेमके त्यात. सुश्रुताला जंतू ठाऊक नव्हते, आणि त्याच्या तोंडी सूक्ष्मजीवशास्त्र घालण्याचा चावटपणा मी करणार नाही. पण ग्रंथ साक्षीला काढायचा तर साक्ष पुरती वाचावी. अर्धी ओळ वाचून खाली बसणारा वकील न्यायाधीशाला फसवत असतो.

परंपरेची साक्षही काढूच. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध ऊतू घालतात. नव्या घरात पाऊल टाकले की आधी दूध ऊतू जाऊ देतात. दह्याला विरजण लावायचे ते तापवून कोमट केलेल्या दुधाला. साय धरते ती तापलेल्या दुधावर, आणि त्या सायीचे दही, दह्याचे लोणी, लोण्याचे कढवून तूप. चीकसुद्धा आपण कच्चा पीत नाही, वाफवून त्याचा खरवस करतो. निरसे दूध लागते ते अभिषेकाला आणि कुठे कुठे पंचामृताला, तेही तळहातावर पळीभर. मराठी घराचे दूध म्हणजे तापवलेले दूध. कच्च्या दुधाचा पेला हा ‘मुळांकडे परत’ जाण्याचा मार्ग म्हणून विकला जातो. कोणाच्या मुळांकडे?

राहिली आजी. ती नव्वदी गाठून गेली याचा आनंद आहे. पण ज्या पिढीत ती जन्मली तिच्यातली किती भावंडे पाळण्यातच गेली, हे तिलाच विचारायला हवे होते. स्वातंत्र्याच्या सुमारास आपले सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. ते सारे दुधामुळे होते असे मी म्हणत नाही. वाचलेल्यांची साक्ष गेलेल्यांचा हिशेब देऊ शकत नाही, एवढेच.

पोषणाचा मुद्दा फार वेळ घेण्याच्या योग्यतेचा नाही. कॅल्शियम उकळून उडून जात नाही. रायबोफ्लेविन उष्णतेला दाद देत नाही. ते जाते उन्हाने, म्हणजे पारदर्शक काचेच्या बाटलीत. बी-वन आणि बी-ट्वेल्व्ह पाश्चरीकरणात साधारण दहा टक्क्यांच्या आत घटतात. घरी पुन्हा पुन्हा उकळले तर अधिक. क जीवनसत्त्व जाते खरे, पण दुधात ते मुळातच नाममात्र. त्यासाठी पेरू खावा. प्रथिनांची घडी उष्णतेने थोडी उलगडते, आणि उरलेली आपल्या जठरातले आम्ल उलगडतेच. यात ‘निर्जीव पाणी’ कुठे आले?

विकरांचा शोक मात्र मनोरंजक आहे. दुधातली विकरे आपले दूध पचवतात अशी समजूत आहे. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज दुधात नसते, ते आपल्या आतड्यात असते. कच्चे दूध ‘बाधत नाही’ या दाव्याची अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पद्धतशीर परीक्षा झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लहानशा अभ्यासात दूध न सोसणाऱ्या सोळा जणांना आळीपाळीने कच्चे आणि पाश्चरीकृत दूध देऊन पाहिले. त्रास सारखाच झाला. कच्च्या दुधात जंतुरोधक लॅक्टोपेरॉक्सिडेज असते, हे प्रतिपक्षाचे म्हणणे बरोबर आहे, पण ते पाश्चरीकरणाच्या ७२ अंशांवरच्या पंधरा सेकंदांतून जिवंत बाहेर येते. पाश्चरीकरणात मरते ते अल्कलाइन फॉस्फटेज. ते आपल्या काही कामाचे नाही, पण डेअरीच्या फार कामाचे आहे. क्षयाच्या जंतूपेक्षा ते किंचित अधिक उष्णता सोसते. ते संपले म्हणजे जंतूही संपला, हे ओळखण्याची चाचणीच त्यावर बांधलेली आहे. हे आकडेही हवेतून काढलेले नाहीत. जुन्या अर्धा तासाच्या पद्धतीत तापमान क्षयाचा जंतू धरून ठरले होते. पुढे क्यू-फीवरचा जंतू त्याहून चिवट निघाला, म्हणून १९५६ साली अमेरिकेने ते वाढवून ६३ अंश केले. जे शास्त्र स्वतःचे आकडे असे खोडून पुन्हा लिहिते, त्याला अंधश्रद्धा म्हणायचे कसे?

दम्याविषयीचे युरोपी संशोधन खरे आहे आणि गंभीर आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या शेतांवर वाढून कच्चे दूध पिणाऱ्या मुलांत दमा आणि ॲलर्जी कमी आढळली. पण ते संशोधन करणारेच, रोगजंतूंच्या भीतीमुळे, कच्चे दूध प्या असा सल्ला देत नाहीत. दुधातला कोणता घटक उपकारक आहे ते शोधून तो सुरक्षितपणे कसा देता येईल, हा त्यांचा प्रश्न आहे. एखाद्याचा पुरावा घ्यायचा आणि त्याचा इशारा टाकून द्यायचा, ही वादाची कुठली रीत?

आता त्यांचे सर्वांत धारदार अस्त्र. पाश्चरीकृत दुधानेही साथी आल्या आहेत. आल्या आहेत, आणि लहान नव्हेत. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका डेअरीच्या पाश्चरीकृत दुधातून साल्मोनेलाची साथ पसरली आणि सोळा हजारांवर रुग्ण नुसते प्रयोगशाळेत सिद्ध झाले. २००० साली जपानमध्ये स्नो ब्रँड या नामांकित कंपनीच्या दुधाने ओसाका परिसरात तेरा हजारांवर लोक आजारी पडले. पण ही उदाहरणे नीट उलगडून पाहिली तर ती कोणाच्या बाजूने बोलतात? इलिनॉयमध्ये उष्णता हरली नव्हती. तापवून झालेल्या दुधाला नंतर संसर्ग झाला. जपानची गोष्ट अधिक बोलकी आहे. होक्काइडोतल्या कारखान्यात मार्चमध्ये वीज गेली, दूध काही तास कोमट राहिले, त्यात स्टॅफिलोकॉकस वाढला आणि त्याने विष सोडले. पुढे उष्णतेने जंतू मेले. विष मेले नाही. हे विष उकळूनही टिकते. त्या दुधाची भुकटी झाली, भुकटीपासून पुन्हा दूध झाले, आणि उन्हाळ्यात माणसे उलट्या करू लागली. यावरून निष्कर्ष निघतो तो असा की उष्णता आवश्यक आहे, पण तिच्याआधी स्वच्छता आणि आगेमागे थंडावा नसेल तर पुरेशी नाही. जिथे तापवूनही धोका उरला, तिथे न तापवता तो घटतो, हे तर्कशास्त्र मला तरी समजत नाही.

उलट या उदाहरणांनी आपल्याच बाजूच्या भाबडेपणाला धक्का बसायला हवा. एकदा उकळले की झाले, ही समजूत आपल्या स्वयंपाकघरांत मुरलेली आहे. बॅसिलस सिरियससारख्या जंतूंचे बीजाणू उकळीतून वाचतात, आणि लग्नाच्या मांडवात दुपारभर उघड्या राहिलेल्या बासुंदीच्या पातेल्यात त्यांना मोकळे रान मिळते. खवा तासभर आटवलेला असतो, त्यात बीजाणूंखेरीज फारसे काही उरत नाही. पण तो कढईतून निघाल्यावर हाताळणारे हात, त्या हातावरची चिघळलेली जखम, ओल्या फडक्यात गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालवलेली रात्र? सणासुदीच्या पेढ्यांनी होणाऱ्या बाधेचा उगम बहुतेकदा या टप्प्यात असतो. साताऱ्याचा कंदी पेढा खमंग परतून कोरडा केलेला, त्यात जंतूंना पाणीच हाती लागत नाही. मलई पेढा ओला आणि मऊ, तो दोन दिवसही बाहेर ठेवण्याच्या लायकीचा नाही. हलवायाला हे ठाऊक असते. गिऱ्हाइकाला नसते.

बाजारावरचा अविश्वास हा या सगळ्याचा खरा उगम आहे, हे मी जाणतो. युरियाच्या, डिटर्जंटच्या दुधाच्या बातम्या वाचून पिशवीला हात लावावासा वाटत नाही. पण अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या ६,४३२ नमुन्यांत आरोग्याला घातक अशी भेसळ सापडली ती बारा नमुन्यांत. बाराही नकोत. तरी ज्या धोक्याची आपण रोज चर्चा करतो तो आणि ज्याची करतच नाही तो, यांच्या आकारात किती तफावत आहे हे वाचकाने पाहावे. आपल्या संकलन केंद्रांवरही दूध घालणाऱ्याला पैसे मिळतात ते फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांश आणि इतर घनघटकांवर. गोठा स्वच्छ ठेवणाऱ्याला लिटरमागे एक रुपया जास्त मिळाला, असे किती संस्थांत घडते? प्रतिपक्षाने या प्रश्नावर आवाज उठवला असता तर मी त्यांच्या मागे उभा राहिलो असतो. १९४५ साली मुंबई सरकारने आणंदहून पाश्चरीकृत दूध रेल्वेने आणायला सुरुवात केली, पुढे आरे वसाहत उभी राहिली. उष्णता आणि शीतसाखळी यांवाचून मुंबईतल्या मुलांना शेकडो किलोमीटरवरचे दूध मिळणेच शक्य नव्हते. त्याला घाणीवरचा पडदा म्हणणे हा त्या कष्टांचा अपमान आहे.

शेवटी ते म्हणतात, धोका असला तर आमचा आहे, आम्ही पत्करतो. प्रौढ माणसाने स्वतःपुरते असे म्हणावे, माझी हरकत नाही. पण तो पेला कोण पितो? दोन वर्षांचे मूल पिते. ई. कोलाय ओ-१५७ हा जंतू अगदी थोड्या संख्येने पोटात गेला तरी पुरतो, आंबटपणालाही तो सहज बधत नाही, आणि लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकतो. गर्भार बाई पिते, कारण तिला ‘शुद्ध’ दूध द्यायचे असते. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्ये, चार अंशांवरही, सावकाश वाढत राहतो. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमध्ये निरसे दूध मिसळले गेले आणि लॉस एंजेलिस परगण्यात १४२ जणांना लिस्टेरियाची बाधा झाली. मृत्यू ४८. त्यांतले २० जन्मालाच आले नव्हते आणि १० नवजात होते. धोका पत्करायचा की नाही, हे त्यांना कोणी विचारले होते?

निरशा दुधाच्या विक्रेत्यांपुढे माझे चार प्रश्न आहेत, आणि तेच ग्राहकानेही त्यांना विचारावेत. कळपाची ब्रुसेल्लाची आणि क्षयाची तपासणी शेवटची कधी झाली, आणि तिचा कागद दाखवाल का? छुप्या कासदाहासाठी दर गाईची चाचणी किती दिवसांनी होते? बाटलीतल्या दुधाची जंतूसंख्या कोणत्या प्रयोगशाळेत मोजता? आणि ज्या बाटलीवर गाईची जात, चारा, गोठ्याचे गाव आणि मालकाचे तत्त्वज्ञान एवढे सारे छापायला जागा आहे, तिच्यावर ‘तापवून प्या’ हे दोन शब्द ठळक अक्षरांत का मावत नाहीत?